गोबर गॅस : निधी बांधकामासाठी की वापरासाठी?

शेतकऱ्याच्या परसातील उकिरडा, गोठ्यातील दावण आणि स्वयंपाकघरातील चूल यांचा जगाच्या हवामानाशी संबंध असेल, ही कल्पना काही दशकांपूर्वी कोणाला पटली नसती. आज मात्र हा संबंध शास्त्रीय मोजमापाने सिद्ध झाला आहे. शेण कुजताना आणि जनावरे रवंथ करताना मिथेन हा वायू बाहेर पडतो. मानवी व्यवहारांतून हवेत मिसळणाऱ्या व पृथ्वीचे तापमान वाढविणाऱ्या वायूंमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल मिथेनचा क्रमांक लागतो. शेतीतून निघणारा हा वायू कमी करण्यासाठी शासकीय अनुदाने, बँकांची कर्जे व कार्बन क्रेडिटची बाजारपेठ असे निधीचे अनेक मार्ग खुले झाले आहेत. हा निधी नेमका कशावर खर्च व्हावा, हा प्रश्न प्रत्येक पंचायत समितीपुढे व ग्रामपंचायतीपुढे उभा राहणार आहे.

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी व भोवतालची गावे डोळ्यांसमोर ठेवल्यास या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. हा प्रदेश काळ्या जमिनीचा, मुख्यतः कोरडवाहू शेतीचा आणि पशुपालनाची परंपरा असलेला आहे. देवणी व लाल कंधारी या गोवंशाच्या दोन मान्यताप्राप्त जाती लातूर-नांदेडच्या या पट्ट्यातल्याच होत. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या भागाने सार्वजनिक निधीतून झालेले पुनर्वसनाचे प्रचंड कार्य जवळून पाहिले आहे. बांधलेली वास्तू आणि वापरात आलेली वास्तू यांतील फरक या भागाला शिकवावा लागत नाही.

मिथेनचे स्वरूप

मिथेन हा रंग व गंध नसलेला ज्वलनशील वायू आहे. गोबर गॅसला जो उग्र वास येतो, तो त्यात अल्प प्रमाणात असणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. हवेत शिरलेला मिथेन सुमारे बारा वर्षे टिकतो. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम मात्र शतकानुशतके राहतो. परंतु जेवढा काळ मिथेन हवेत असतो, तेवढ्या काळात तो फार मोठ्या प्रमाणावर उष्णता धरून ठेवतो. वजनास वजन धरल्यास शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, तर वीस वर्षांच्या कालावधीत सुमारे ८० पट मानला जातो. म्हणूनच मिथेन आज कमी केला, तर त्याचे फळ याच पिढीला दिसू शकते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत अनेक राष्ट्रांनी २०३० पर्यंत मिथेनचे उत्सर्जन २०२० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी करण्याची प्रतिज्ञा केली. भारताने या प्रतिज्ञेवर स्वाक्षरी केली नाही. आपल्या देशातील मिथेन प्रामुख्याने लहान शेतकऱ्यांची जनावरे व भातखाचरे यांतून येतो, त्याचा संबंध चैनीशी नसून उपजीविकेशी आहे, अशी भारताची भूमिका आहे. देशाच्या उत्सर्जनाच्या नोंदीनुसार मिथेनचा जवळजवळ तीन चतुर्थांश हिस्सा शेती व पशुपालनातून येतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून अधिक गोवंश व सुमारे ११ कोटी म्हशी नोंदल्या गेल्या. तेव्हा शेतकऱ्यावर बोजा न टाकता, उलट त्याचा लाभ साधून मिथेन कमी करणे हाच आपल्याकडे व्यवहार्य मार्ग ठरतो.

शेतीतील मिथेनचे मुख्य स्रोत तीन आहेत : रवंथ करणाऱ्या जनावरांचे पोट, साठविलेले शेण आणि पाणी भरून ठेवलेली भातखाचरे. किल्लारी परिसरात सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा व ऊस ही पिके प्रमुख असल्यामुळे तिसरा स्रोत येथे गौण आहे. पहिल्या दोहोंपैकी शेणाच्या बाबतीत गोबर गॅस हा उपाय महाराष्ट्राच्या चांगल्याच परिचयाचा आहे.

सव्वाशे वर्षांची वाटचाल

मैल्यापासून वायू निर्माण करून तो दिव्यांसाठी वापरण्याचा प्रयोग मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्येच झाला होता. शेणापासून वायू मिळविण्याचे पद्धतशीर संशोधन दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास सुरू झाले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपणाचे संयंत्र तयार केले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्या धर्तीच्या संयंत्राचा देशभर प्रसार हाती घेतला. १९७३ च्या तेलसंकटानंतर या साधनाचे महत्त्व वाढले. लोखंडी टोपणाचा खर्च वाचविणारे पक्क्या घुमटाचे ‘जनता’ संयंत्र १९७८ मध्ये आणि त्याहून कमी खर्चाचे ‘दीनबंधू’ संयंत्र १९८४ मध्ये पुढे आले. १९८१-८२ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला. तेव्हापासून नावे व नियम बदलत गेले, तरी अनुदानाची परंपरा अखंड चालू राहिली.

त्या काळात या कार्यक्रमाची उद्दिष्टे इंधन, खत व आरोग्य ही होती. वृक्षतोड थांबावी, शेणाच्या गोवऱ्या न होता त्याचे खत व्हावे आणि गृहिणीच्या डोळ्यांतला धूर नाहीसा व्हावा, ही अपेक्षा होती. ती आजही योग्यच आहे. मिथेन कमी करणे हे नवे उद्दिष्ट त्यात मिळविले गेले आहे. आणि नव्या उद्दिष्टासाठी नवा हिशेब मांडावा लागतो.

हिशेब काय सांगतो?

दोन घनमीटर क्षमतेच्या घरगुती संयंत्रास रोज सुमारे ५० किलो ओले शेण लागते. म्हणजेच चार ते पाच मोठी जनावरे दावणीला असावी लागतात. एक किलो ताज्या शेणापासून साधारणतः ४० लिटर वायू मिळतो, त्यामुळे ५० किलोंपासून दोन घनमीटर वायू तयार होतो. त्यावर मध्यम आकाराच्या कुटुंबाचा दोन वेळचा स्वयंपाक होऊ शकतो. या वायूत मिथेनचे प्रमाण सुमारे ६० टक्के असते. वजनात सांगावयाचे, तर असे संयंत्र पूर्ण क्षमतेने चालल्यास रोज सुमारे ८०० ग्रॅम व वर्षाला सुमारे २९० किलो मिथेन तयार करते.

आता दुसरी बाजू पाहावी. हेच शेण उकिरड्यावर पडले असते, गोवऱ्या थापल्या गेल्या असत्या किंवा ते शेतात पसरले असते, तर किती मिथेन निघाला असता? जगातील शासनांनी मिळून स्थापन केलेल्या हवामानबदलविषयक समितीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत भारतीय उपखंडासाठी हे प्रमाण दर मोठ्या जनावरामागे वर्षाला सुमारे २ ते ६ किलो असे गृहीत धरले आहे. पाच जनावरांमागे ते १० ते ३० किलो होते. उघड्यावरच्या शेणाला हवा लागते व ते लवकर सुकते, म्हणून त्यातून मिथेन थोडा निघतो. बंद टाकीत हवा नसते, तेथे मिथेन तयार करणाऱ्या जीवाणूंना हवी तशी परिस्थिती मिळते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. गोबर गॅस संयंत्र स्वतः मिथेन कमी करीत नाही. उकिरड्याच्या अनेक पटींनी ते मिथेन निर्माण करते आणि शेगडीत तो जाळल्यामुळे लाभ होतो. जळालेल्या मिथेनचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. त्यातील कार्बन जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातून, म्हणजे हवेतूनच अलीकडे आलेला असल्याने त्याची नवी भर पडत नाही. शिवाय सरपण किंवा सिलिंडर वाचतो तो वेगळाच.

पण हा वायू न जळता गळाला तर? एकूण २९० किलोंपैकी दहा टक्के, म्हणजे २९ किलो मिथेन वर्षभरात गळाला, तर पाच जनावरांच्या उकिरड्यातून निघणाऱ्या मिथेनएवढी मजल तेवढ्यानेच गाठली जाते. शंभर वर्षांच्या मापाने हे २९ किलो सुमारे ८०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे होतात. अशा संयंत्राचे इंधन व खत यांचे लाभ शिल्लक राहतात, परंतु शेणातील मिथेन कमी केल्याचा दावा उरत नाही. गळती त्याहून वाढली, तर मिथेनच्या बाबतीत उकिरडाच बरा म्हणावा लागेल.

गळती होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. घुमटाला गेलेली बारीक चीर, गंजलेले टोपण, सैल झालेली तोटी, उन्हाने तडकलेली रबरी नळी यांतून वायू सतत निसटतो. याखेरीज एक न दिसणारी गळती असते. उन्हाळ्यात वायू जास्त तयार होतो, घरातील माणसे परगावी जातात किंवा सिलिंडर हाताशी असल्याने गोबर गॅसची शेगडी पेटवली जात नाही; अशा वेळी साठलेला जादा वायू कुंडीवाटे वर येऊन हवेत मिसळतो. तेव्हा संयंत्राची क्षमता कुटुंबाच्या गरजेपेक्षा मोठी ठेवणे हा अनुदानाच्या दृष्टीने लाभ वाटला, तरी मिथेनच्या दृष्टीने तोटाच होय.

जागा, जमीन आणि पाणी

किल्लारी परिसराच्या काही अडचणी ध्यानात घेतल्याशिवाय येथे कोणताही आराखडा यशस्वी होणार नाही.

पहिली अडचण जागेची आहे. भूकंपापूर्वीच्या गावांत जाड दगडमातीच्या भिंती व मातीचे माळवद असलेली घरे होती आणि पुष्कळ ठिकाणी माणसांच्या व जनावरांच्या वावरण्याच्या जागा लागून असत. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे आखीव भूखंड व रुंद रस्ते आले. गोठ्याची जागा व स्वयंपाकघर यांचे जुने नाते पुष्कळ ठिकाणी तुटले. गोबर गॅस संयंत्र गोठ्याजवळ हवे, स्वयंपाकघरापासून फार दूर नको व पिण्याच्या पाण्याच्या विहिरीलगत मुळीच नको. जनावरे शेतातील आखाड्यावर व स्वयंपाक गावात अशी स्थिती असेल, तर रोज ५० किलो शेण वाहून आणण्याचे काम घरातील स्त्रीवर पडते आणि संयंत्र थोड्याच काळात बंद पडते.

दुसरी अडचण जमिनीची आहे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीचा ताण जमिनीत बांधलेल्या पक्क्या टाकीवर येतो व घुमटाला चिरा जातात. खड्डा मोठा घेऊन टाकीभोवती मुरूम वा वाळूचा थर भरणे, तळाचा पाया योग्य घालणे, गिलावा काळजीपूर्वक करणे हे येथे अनिवार्य आहे. जमिनीच्या हालचालीला दाद न देणारी तयार टाक्यांची वा लवचीक पिशवीची संयंत्रेही आता उपलब्ध आहेत. मात्र पिशवीला काटे, उंदीर व जनावरांचे खूर यांपासून कुंपणाने जपावे लागते. भूकंपापूर्वी हा भाग देशाच्या भूकंपविषयक नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात त्याची गणना तिसऱ्या श्रेणीत झाली. बांधकामाच्या दर्जाबाबत हयगय परवडत नाही, हे येथे निराळे सांगावयास नको.

तिसरी अडचण पाण्याची आहे. शेणात साधारणतः तेवढेच पाणी मिसळावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा दुष्काळात रोज ५० लिटर पाणी संयंत्रात ओतण्यास कोणते कुटुंब तयार होईल? चाऱ्याअभावी जनावरे विकली जातात किंवा छावणीत जातात, तेव्हा शेणही उरत नाही. यावर काही मार्ग आहेत. गोमूत्र व गोठा धुतलेले पाणी वापरता येते, बाहेर पडणाऱ्या स्लरीचे निथळलेले पाणी पुन्हा मिसळता येते आणि कमी पाण्यावर चालणारे सुधारित आराखडेही निघाले आहेत. तरीही दुष्काळात काही संयंत्रे बंद पडणार, हे गृहीत धरून ती पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू करण्यासाठी निधीत तरतूद असली पाहिजे. अन्यथा एकदा बंद पडलेले संयंत्र कायमचेच बंद राहते.

पुनर्वसनाच्या काळातील एक धडा

निधी कसा द्यावा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास किल्लारीकरांना दूर जावे लागणार नाही. १९९३ च्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. स्थलांतरित गावांची घरे शासन, ठेकेदार व देणगीदार संस्था यांनी बांधून दिली. जी गावे हलवावयाची नव्हती, तेथील लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मात्र घरमालकांनी स्वतः करून घ्यावे, असे ठरले. त्यासाठी एकरकमी पैसे न देता कामाच्या प्रगतीनुसार हप्त्याहप्त्याने रक्कम देण्याची पद्धत होती. गावपातळीवर महिला मंडळांतून निवडलेल्या स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना मार्गदर्शन केले. कुटुंबांना योजना समजावून देणे, कामावर लक्ष ठेवणे आणि अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविणे हे त्यांचे काम होते.

या पद्धतीचे सार असे की, पैसा कामाच्या पाठोपाठ गेला, आणि काम झाले की नाही हे पाहणारी व्यक्ती त्याच गावची होती. गोबर गॅसच्या कार्यक्रमास हेच सूत्र लावता येण्यासारखे आहे. मात्र येथे ‘काम झाले’ याचा अर्थ ‘टाकी बांधून झाली’ असा न घेता ‘शेगडी रोज पेटते’ असा घ्यावा लागेल.

निधीचे मार्ग

पहिला मार्ग शासकीय अनुदानाचा. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम अधिसूचित केला. २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी त्याच्या पहिल्या टप्प्यास ८५८ कोटी रुपयांची तरतूद होती. त्याखाली लहान बायोगॅस संयंत्रांना आकारानुसार ९,८०० रुपयांपासून ७०,४०० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. गावाच्या सामूहिक प्रकल्पांसाठी २०१८ मध्ये गोबरधन योजना आली. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात तिच्याखाली २०२०-२१ ते २०२४-२५ या काळासाठी प्रत्येक जिल्ह्यास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. योजनांचे कालावधी व दर बदलत असल्याने अर्ज करण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे चालू दरांची खात्री करणे इष्ट होय.

या अनुदानपद्धतीतील एक बाब फारशी चर्चिली जात नाही. संयंत्र उभारून देणाऱ्या संस्थेस वा प्रशिक्षित कारागिरास देखरेखीचे वेगळे शुल्क मिळते आणि त्याच्या मोबदल्यात पाच वर्षे विनामूल्य देखभालीची हमी अपेक्षित असते. हप्त्याची पद्धत लावावयाची, तर ती याच शुल्कास प्रथम लावावी. लाभार्थी कुटुंबाचे अनुदान रोखून धरल्यास गरीब शेतकरी योजनेत येणारच नाही. परंतु उभारणाऱ्याचे शुल्क दरवर्षीच्या तपासणीनंतर, संयंत्र चालू आढळल्यास, भागाभागाने दिले तर देखभालीची हमी कागदावर राहणार नाही.

दुसरा मार्ग कार्बन क्रेडिटचा. एक टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे उत्सर्जन टाळल्याचे प्रमाणपत्र म्हणजे एक क्रेडिट. ते विकत घेणारा उद्योग वा संस्था त्याची किंमत देते. कर्नाटकातील बागेपल्ली भागात कूली संघ या ग्रामीण मजुरांच्या व लहान शेतकऱ्यांच्या संघटनेने प्रत्येकी दोन घनमीटरच्या ५,५०० संयंत्रांचा प्रकल्प आखला. संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत तो २००५ मध्ये नोंदला गेला. या व्यवस्थेचा गुण असा की, टाकी बांधली म्हणून क्रेडिट मिळत नाही. संयंत्र प्रत्यक्ष चालल्याची नोंद व तपासणी झाल्यावरच ते मिळते.

परंतु या मार्गाला धोकेही आहेत. त्या यंत्रणेतील क्रेडिटचा भाव २००८ मध्ये वीस युरोंच्या वर गेला होता; २०१२ च्या अखेरीस तो एका युरोच्याही खाली आला. ज्या प्रकल्पांचा सारा भार क्रेडिटच्या विक्रीवर होता, त्यांना याचा फटका बसला. २०२३ मध्ये केंद्र शासनाने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली असून देशातील बाजारपेठ आकार घेत आहे. कंपनीचा प्रतिनिधी करार घेऊन गावात आला, तर क्रेडिटची मालकी कोणाची, करार किती वर्षांचा, भाव पडल्यास दुरुस्ती कोण करणार आणि विक्रीतील किती हिस्सा शेतकऱ्यास मिळणार, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखविल्याशिवाय सह्या होऊ नयेत.

तिसरा मार्ग स्लरीचा. संयंत्रातून बाहेर पडणारे पाचलेले शेण हे उत्तम सेंद्रिय खत असते. गुजरातमधील आणंद जिल्ह्यात झकरियापुरा व मुजकुवा या गावांत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने घरोघरची जादा स्लरी एकत्र करून तिचे खत बनविण्याचा व विकण्याचा उपक्रम स्त्रियांच्या सहभागाने उभा राहिला. स्लरीला पैसे मिळू लागले की, सिलिंडर घरात असला तरी संयंत्रात शेण टाकण्याचे कारण शिल्लक राहते. ऊस व भाजीपाला घेणारे शेतकरी जवळच असलेल्या किल्लारी परिसरात या मार्गाचा विचार अगत्याने व्हावा.

एवढे मार्ग असूनही मिथेनच्या वाट्याला येणारा पैसा थोडाच आहे. क्लायमेट पॉलिसी इनिशिएटिव्ह या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात हवामानविषयक कामांवर होणाऱ्या एकूण खर्चापैकी दोन टक्क्यांहूनही कमी रक्कम मिथेन कमी करण्यासाठी जाते. जो थोडा निधी आहे, तो बंद टाक्यांत अडकू न देणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे ठरते.

दावणीवरचा उपाय

शेणाच्या तुलनेत जनावराच्या तोंडावाटे निघणारा मिथेन कितीतरी अधिक असतो. जात, वय, वजन व चारा यांनुसार एका मोठ्या जनावरामागे तो वर्षाला साधारणतः २५ ते ७० किलो भरतो. तो गोबर गॅसने कमी होत नाही. निकृष्ट कडबा व वाळलेले गवत यांवर जगणाऱ्या जनावराच्या चाऱ्यातील बराच अंश दुधाऐवजी वायूत जातो. कडब्याची कुट्टी, हिरवा चारा, पेंड व खनिज मिश्रण यांचा समतोल आहार दिल्यास दूध वाढते आणि दर लिटर दुधामागे निघणारा मिथेन घटतो. बंगळूर येथील राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने तयार केलेले ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य मिथेन १७ ते २० टक्क्यांनी कमी करू शकते, असे प्रयोगांत आढळले आहे.

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पासारख्या कार्यक्रमांतून समतोल आहाराचा प्रसार करता येतो. त्यासाठी टाकी बांधावी लागत नाही, पाणी लागत नाही आणि लाभ थेट दुधाच्या मापात दिसतो. शेतातील मिथेनसाठी निधी मागणाऱ्या आराखड्यात गोबर गॅसइतकेच स्थान दावणीला मिळाले पाहिजे.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

कोणतीही नवी मंजुरी मागण्यापूर्वी ग्रामपंचायतीने गावातील जुन्या संयंत्रांची पाहणी करावी. किती संयंत्रे बांधली, किती चालू आहेत, किती दुरुस्त होण्याजोगी आहेत आणि कोणत्या कारणाने बंद पडली, एवढी चार रकान्यांची यादी पुरेशी आहे. बंद संयंत्राची दुरुस्ती नव्या बांधकामापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. मात्र उद्दिष्टाच्या तक्त्यात तिला जागा नसल्यामुळे ती मागे पडते. पंचायत समितीने आपल्या मासिक अहवालात ‘नवीन बांधलेली’ या रकान्याशेजारी ‘चालू असलेली’ व ‘पुन्हा सुरू केलेली’ असे दोन रकाने जोडल्यास कामाची दिशाच बदलेल. बचत गटातील एक-दोन स्त्रियांना तपासणीचे व किरकोळ दुरुस्तीचे प्रशिक्षण देऊन त्यांना मानधन दिल्यास पुनर्वसनाच्या काळातील संवाद सहायकांचा अनुभव नव्या कामी येईल.

शिक्षकांना या विषयात एक उत्तम प्रात्यक्षिक मिळते. जोडांवर व नळीवर साबणाचे पाणी लावले की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. निळी ज्योत चांगल्या वायूची व नीट मिसळलेल्या हवेची खूण आहे. शेगडी रोज किती वेळ पेटली, शेण किती घातले याची महिनाभर नोंद ठेवल्यास विद्यार्थ्यांना गणित, विज्ञान व गावाचा व्यवहार एकत्र शिकता येतो. मात्र दोन गोष्टी निक्षून सांगितल्या पाहिजेत. गळती शोधण्यासाठी काडी ओढू नये आणि संयंत्राच्या टाकीत, ती रिकामी दिसली तरी, कोणीही उतरू नये. तेथील वायूने क्षणात गुदमरून मृत्यू येऊ शकतो.

भूकंपानंतर या भागातील घरे किती उभी राहिली, याची गणना अनेकांनी केली. पण खरी कसोटी त्या घरांत माणसे सुरक्षितपणे नांदतात की नाही, हीच होती. गोबर गॅसच्या निधीलाही हीच कसोटी लागू पडते. गावात किती टाक्या बांधल्या, या प्रश्नाऐवजी सकाळी किती शेगड्या पेटल्या, हा प्रश्न मासिक सभेत विचारला जाऊ लागला, तर शेतकऱ्याचे इंधन, शेताचे खत व हवेतील मिथेन या तिन्ही हिशेबांत निधीचा उपयोग दिसून येईल.